माजी सैनिकाला इतिहासाच्या तासाला बोलावताना

माजी सैनिक शाळेत येतात ते बहुतेक वेळा २६ जानेवारीला नाहीतर १५ ऑगस्टला. मैदानावर मंडप, माइक, शाल, श्रीफळ, दहा मिनिटांचं भाषण, घोषणा, मग खाऊवाटप. यात मान आहे आणि तो द्यायलाच हवा. पण इतिहास यात नाही. ज्या माणसाने लडाखमध्ये हिवाळे काढले, त्याच्याकडून आपण 'देशासाठी जगायला शिका' एवढंच ऐकून घेतो आणि त्याला घरी सोडतो.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत इतिहास शिकवते. आमच्याकडे गावोगाव पेन्शनवर आलेले फौजी आहेत. अपशिंगे गावातले शेहेचाळीस जण पहिल्या महायुद्धात कामी आले, गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलं ते त्यामुळे. अशा भागात राहूनही मुलं १९७१चं युद्ध तीन ओळींत पाठ करतात, आणि त्या युद्धावर गेलेले आजोबा दोन गल्ल्या सोडून ओट्यावर बसलेले असतात. नववीच्या ज्या पुस्तकातून आम्ही शिकवत आलो, त्याचा पहिलाच धडा 'इतिहासाची साधने' आहे आणि त्यात मौखिक साधनं आहेत. माजी सैनिकाला वर्गात बोलवायचं ते असं साधन म्हणून. त्यांना प्रश्न विचारायचे, त्यांचं सांगणं टिपायचं, नंतर ते इतर पुराव्यांशी ताडून पाहायचं. त्यांचा खरा मान मला यातच दिसतो, कारण यात त्यांचं म्हणणं कुणीतरी गांभीर्याने घेतं.

पहिल्यांदाच हे करणाऱ्या शिक्षकांसाठी पुढचं सगळं लिहिते आहे.

आधी धडा, मग माणूस

'कुणाला बोलवू या?' इथून सुरुवात केली की गावातले सर्वांत मोठ्या हुद्द्याचे साहेब येतात आणि सर्वसाधारण भाषण होतं. सुरुवात धड्यापासून करा. शिकवायचं काय आहे? १९६० नंतरचा भारत, परराष्ट्र धोरण, संयुक्त राष्ट्रे, भारताची सुरक्षा व्यवस्था, यातला एक विषय घ्या आणि त्या विषयाचा माणूस शोधा.

मग वयाचा हिशोब करा. १९६२च्या युद्धात आणि १९६१च्या गोवा मुक्तीत असलेले फार थोडे उरले आहेत. १९६५चे जवान ऐंशीच्या पुढे आहेत. १९७१ साली विशीत असलेला जवान आज पंचाहत्तरीच्या आसपास आहे, म्हणजे बोलू शकेल, पण 'पुढच्या वर्षी बघू' म्हणण्याइतका वेळ हातात नाही. श्रीलंकेत १९८७ ते १९९० या काळात शांतिसेनेत गेलेले साठीत आहेत. कारगिलचे पन्नाशीत आहेत आणि त्यातले बरेच आज बँकेत, साखर कारखान्यावर नाहीतर एसटीत सुरक्षेची दुसरी नोकरी करत असतात. हाताशी दोन-तीन नावं असतील तर सर्वांत वयस्कर माणसाला आधी बोलवा. मी तरी हाच नियम पाळते.

ज्याने गोळीबार पाहिला तोच 'खरा' सैनिक, हा समज मुलांच्या मनात पक्का असतो आणि खरं सांगायचं तर तो आपल्याही मनात असतो. तो सोडून द्या. झोजीला खिंडीतून गाडी नेणारा ड्रायव्हर, सियाचीनला रॉकेलचे जेरीकॅन पोहोचवणारा, सिग्नलमध्ये वायरलेसवर बसलेला, लंगरमध्ये, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, पन्नास जणांचा स्वयंपाक करणारा, लष्करी रुग्णालयातली परिचारिका, यांच्याकडे युद्ध कसं चालतं याचं ज्ञान असतं. सैन्य पोटावर चालतं म्हणतात. ते पोट कोण भरत होतं हे मुलांनी कधीच ऐकलेलं नसतं.

युद्धाबाहेरच्या कामाकडेही बघा. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा ढिगारे उपसायला लष्कर आलं होतं. २०१९च्या महापुरात सांगली-कोल्हापुरात होडीतून माणसं बाहेर काढली गेली, त्यात सैन्यदलं होती. मराठवाड्यातल्या किंवा कृष्णाकाठच्या शाळेला यापेक्षा जवळचा विषय मिळणार नाही. आणि कोकणातल्या शिक्षकांनी नौदल विसरू नये. ४ डिसेंबर १९७१च्या रात्री कराचीवर क्षेपणास्त्रांचा मारा झाला, ९ डिसेंबरला आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडाली. त्या काळात जहाजांवर आणि मुंबईच्या गोदीत काम केलेली माणसं रत्नागिरी-सिंधुदुर्गात निवृत्त होऊन बागा सांभाळत बसलेली आहेत.

शोध कुठे घ्यायचा

पहिला शोध वर्गातच घ्या. 'तुमच्या घरात, भावकीत, आळीत कोण फौजेत होतं?' हा प्रश्न घरचा अभ्यास म्हणून द्या. नाव, अंदाजे कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत, आणि माहीत असेल तर पलटण, एवढंच लिहून आणायला सांगा. दुसऱ्या दिवशी हातात यादी असते.

तसं जमलं नाही तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. प्रत्येक जिल्ह्यासाठी असं कार्यालय आहे आणि माजी सैनिक, वीरपत्नी यांची नोंद तिथे असते. ते तुम्हाला थेट फोन नंबर देणार नाहीत, आणि देऊही नयेत. पण शाळेचं पत्र दिलं तर निरोप पोहोचवतात. तालुक्याची माजी सैनिक संघटना, फौजींचं सीएसडी कॅन्टीन, माजी सैनिकांचा दवाखाना, शाळेत एनसीसी असेल तर त्यांचं युनिट, हे बाकीचे रस्ते. नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनर बँकेत येतात, तेव्हा तिथेही गाठ पडते. पुण्या-मुंबईच्या शाळांनी आसपासच्या सोसायट्यांमध्ये विचारावं, एका तरी इमारतीत कुणीतरी निघतंच.

तारीख निवडताना ७ डिसेंबर हा ध्वजदिन, १६ डिसेंबर हा विजय दिवस आणि २६ जुलै हा कारगिल विजय दिवस टाळा. त्या दिवशी या मंडळींना चार ठिकाणची सत्काराची निमंत्रणं असतात. सुगी आणि गावची जत्राही टाळा. साधा मंगळवार-बुधवार बघा.

सध्या सेवेत असलेला, सुट्टीवर आलेला जवान सहज मिळतो, पण त्याला बोलवू नका. जाहीर बोलायला त्याला वरिष्ठांची परवानगी लागते आणि आपल्या हौसेपायी त्याला अडचणीत आणण्याचं कारण नाही.

घरी जाऊन पहिली भेट

सगळ्यात जास्त वेळ या टप्प्याला द्या. फोनवर ठरवून थेट वर्गात उभं केलं, तर भाषणच मिळेल. आधी घरी जा. चहा घ्या. पहिल्या भेटीत मोबाइल रेकॉर्डिंगला लावू नका, वहीसुद्धा नंतर काढा.

बहुतेक जण म्हणतात, 'माझ्याकडे सांगण्यासारखं काय आहे मॅडम? ड्युटी केली, परत आलो.' हे नम्रतेने म्हटलेलं असतं, आणि कधीकधी बोलायचं नसतं म्हणूनही. त्यावर 'नाही हो, तुम्ही तर हिरो आहात' असं म्हणू नका, त्याने माणूस आणखी आखडतो. लहान गोष्टी विचारा. भरतीला कुठे गेला होता? घरून कोण सोडायला आलं होतं? पहिली सुट्टी किती महिन्यांनी मिळाली? पत्र किती दिवसांनी यायचं? पत्त्यावर गावाचं नाव नसायचं, 'द्वारा ५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे लष्करी टपाल कार्यालय) एवढंच असायचं. म्हणजे नवरा नेमका कुठे आहे हे बायकोलाही माहीत नसायचं. हा विषय निघाला की स्वयंपाकघरातून आजी बाहेर येतात आणि पुढचा अर्धा तास त्या बोलतात. मनीऑर्डर, तार आली की बसणारा धसका, रेडिओच्या बातम्या, एकटीने केलेली पेरणी, हे सगळं त्यांच्याकडे असतं. त्यांनाही वर्गात येण्याचं निमंत्रण द्या. मागे राहिलेल्या बायकांनी ही युद्धं कशी काढली, ते आपल्या पुस्तकांत जवळजवळ नाहीच.

दुसऱ्या भेटीत 'काही जुनं जपून ठेवलंय का?' असं विचारा. ट्रंकेतून डिस्चार्ज बुक, फोटो, पत्रं, पदकं निघतात. पदकं नीट बघा, कारण ती वाचता येतात. १९७१च्या युद्धात पूर्व आघाडीवर असलेल्यांना 'पूर्वी स्टार' मिळाला, पश्चिम आघाडीवरच्यांना 'पश्चिमी स्टार'. संग्राम मेडल त्या काळात सेवेत असलेल्या बऱ्याच जणांना मिळालं. १९६५साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल आहे, कारगिलसाठी ऑपरेशन विजय स्टार आणि ऑपरेशन विजय मेडल. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर धातूची छोटी पट्टी असते आणि तिच्यावर प्रदेशाचं नाव असतं. लांब सेवेची पदकं नऊ, वीस आणि तीस वर्षांची असतात. स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या आणि पन्नासाव्या वर्षाची पदकंही बऱ्याच जणांकडे असतात. म्हणजे छातीवरची ती रांग पाहून माणूस कुठे होता, कधी होता, किती वर्षं होता याचा अंदाज बांधता येतो. नववीच्या मुलांना हे कोडं द्या, ती त्यात रमतात आणि पुरावा वाचणं म्हणजे काय ते समजून घेतात.

याच भेटीत तीन गोष्टी स्पष्ट बोलून घ्या.

पहिली: कोणत्या विषयावर बोलायचं नाही? सोबत्याचा मृत्यू, जखमी होणं, कैदेत असणं, असं काही असू शकतं. ते कारण विचारू नका, फक्त विषय लिहून ठेवा आणि वर्गात तो प्रश्न येणार नाही याची जबाबदारी घ्या. मध्येच थांबावंसं वाटलं तर काय खूण करायची तेही ठरवा. घरातलं कुणी सोबत आलेलं उत्तम.

दुसरी: गोपनीयता. निवृत्तीनंतरही १९२३चा शासकीय गुपिते कायदा लागू असतो. माजी सैनिक याबाबत आपल्यापेक्षा सावध असतात, पण मुलांच्या उत्साहात घसरायला होतं. जुन्या लढाईबद्दल बोलायला हरकत नसते. आजच्या चौक्या, शस्त्रं, संख्या, रस्ते हे विषय नकोत.

तिसरी: शत्रूबद्दल कसं बोलायचं. हे बोलायला अवघड जातं, पण टाळू नका. वर्गात सगळ्या धर्मांची मुलं असतात. एका देशाच्या सैन्याशी झालेल्या लढाईचं वर्णन एखाद्या समाजाबद्दलच्या बोलण्यात उतरलं, तर मागच्या बाकावरचं एखादं मूल ते आयुष्यभर विसरत नाही. माझा अनुभव असा की सैनिकाला हे समजावावं लागत नाही, पलटणीत तो सगळ्यांबरोबर एका ताटात जेवलेला असतो. १९६५ला खेमकरणच्या आघाडीवर रणगाडे उडवणारे हवालदार अब्दुल हमीद यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं, हे पुष्कळ वेळा तेच आठवणीने सांगतात. तरीही आधी बोलून घ्या. पक्ष, निवडणुका, नेते यांनाही बाहेर ठेवायचं हे याच वेळी ठरवा.

पत्र आणि परवानगी

मुख्याध्यापकांची परवानगी आधी घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीला कळवा. घरी जाऊन बोललं तरी पत्र द्याच, जावक क्रमांक घालून, शाळेच्या शिक्क्यासह. ते पत्र त्यांच्या घरी जपून ठेवलं जातं. मजकूर साधा असावा:

'आदरणीय सुभेदारसाहेब, सप्रेम नमस्कार. आमच्या इयत्ता नववीच्या वर्गात "भारत : १९६० नंतरच्या घडामोडी" हा पाठ शिकवताना १९७१च्या युद्धाचा आपला अनुभव विद्यार्थ्यांनी आपल्याकडून ऐकावा, अशी आमची इच्छा आहे. हा कार्यक्रम नसून वर्गातला तास आहे. पस्तीस विद्यार्थी असतील आणि ते आपल्याला प्रश्न विचारतील. आपल्या सोयीने मंगळवारी सकाळी अकरा वाजता यावे. आपल्याला आणण्याची व पोहोचवण्याची व्यवस्था शाळा करेल. आपली हरकत नसेल तरच संभाषण ध्वनिमुद्रित केले जाईल व ते आपल्या परवानगीशिवाय कुठेही प्रसिद्ध होणार नाही.'

हुद्दा बिनचूक लिहा. आमच्याकडे गावात प्रत्येक फौजीला 'मेजर' म्हणायची पद्धत आहे, ती प्रेमाची आहे. पण पत्रात आणि फळ्यावर नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार, ऑनररी कॅप्टन जे असेल तेच यावं. त्या शब्दामागे वीस-पंचवीस वर्षांची सेवा असते.

वर्गाची तयारी

दोन तास आधी राखून ठेवा. मुलांना काहीच माहीत नसेल तर ती 'बंदूक केवढी होती?' यापुढे जात नाहीत, आणि त्यात दोष त्यांचा नसतो.

पहिल्या तासाला नकाशा. १९७१ असेल तर पूर्व पाकिस्तान, त्याच्या तीन बाजूंनी भारत, मधल्या नद्या, ढाका, हे मुलांनी स्वतः काढावं. फळ्यावर तारखा: ३ डिसेंबरला युद्धाला तोंड फुटलं, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती. त्याआधीचे निर्वासितांचे लोंढे, मुक्तिवाहिनी, हे थोडक्यात.

दुसऱ्या तासाला प्रश्न. प्रत्येकाने तीन लिहायचे, मग सगळे मिळून निवडायचे. इथे मुलांना प्रश्न दुरुस्त करायला शिकवा:

'तुम्हाला भीती वाटली का?' याचं उत्तर 'नाही' येतं आणि विषय संपतो. 'पहिल्या रात्री झोप लागली का? आजूबाजूला काय ऐकू येत होतं?' असं विचारलं की माणूस आठवू लागतो.

'युद्ध का झालं?' हे पुस्तकाला विचारा. 'तुम्हाला युद्ध सुरू झाल्याचं कुणी, कसं सांगितलं?' हे त्यांना विचारा.

'देशासाठी काय संदेश द्याल?' हा प्रश्न काढूनच टाका.

'शरणागतीनंतर समोरच्या सैनिकांना जवळून पाहिलंत तेव्हा ते कसे दिसत होते?' असा प्रश्न मुलांकडून आला तर तो जरूर ठेवा. असे प्रश्न मुलांनाच सुचतात.

आणि तो प्रश्न येणारच: 'तुम्ही किती जणांना मारलंत?' रागावू नका. तो विचारायचा नाही एवढं सांगून भागत नाही, का ते बोला. समोरच्या माणसाला ते आठवणं किती जड जात असेल, आणि आकड्याने आपल्याला नेमकं काय कळणार आहे, हे दोन्ही मुलांना विचारा. नववीची मुलं हे समजतात.

भरतीची तयारी करणारी मुलं वर्गात असतील तर त्यांना उंची, धावणं, अग्निवीर यांबद्दल विचारायचं असतं. ती गरजही खरी आहे. तास संपल्यावर त्यांच्यासाठी वेगळी पंधरा मिनिटं ठेवा, पण इतिहासाचा तास भरतीचं मार्गदर्शन होऊ देऊ नका.

प्रत्यक्ष तास

दोन तासिका जोडून घ्या. एकच वर्ग बसवा. 'सगळ्या शाळेला लाभ होऊ दे' असा आग्रह होईल, तो प्रेमाने नाकारा, कारण तीनशे मुलांसमोर कुणीही माणूस आठवत नाही, तो भाषणच करतो. व्यासपीठ नको, माइक नको, दुसरे पाहुणे नकोत. खुर्ची वर्गातच, मुलं अर्धगोलात, भिंतीवर मुलांनी काढलेला नकाशा. तोफखान्यात काम केलेल्या अनेकांना कमी ऐकू येतं, तेव्हा प्रश्न विचारणाऱ्याने उठून जवळ यावं. लेझीम-ढोलाने स्वागत, फटाके, मोठ्या घोषणा नकोत. पाणी हाताशी, पंखा चालू, आणि जिना चढावा लागणार असेल तर खालचा वर्ग घ्या.

तुम्ही शेजारी बसा आणि पहिले दोन-तीन प्रश्न तुम्हीच विचारा, सोपे आणि नेमके. 'तुमचं तेव्हा वय काय होतं? तुमची पलटण त्या वेळी कुठे होती? नकाशावर दाखवता?' नकाशापाशी उभं राहिलं की भाषण आपोआप बाजूला पडतं. पंधरा-वीस मिनिटं त्यांना सांगू द्या, मग मुलांचे प्रश्न, शेवटी पदकं आणि फोटो पाहणं. पदकं हातात घ्यायची का, ते त्यांना विचारून.

बोलण्यात हिंदी येईल, फौजेची भाषा येईल: मूव्ह, पोस्ट, फॉल-इन, लंगर, बडा खाना. त्यांना शुद्ध मराठी बोलायला लावू नका. एका मुलीला फळ्यावर असे शब्द लिहायला सांगा आणि शेवटी त्यांच्याकडूनच अर्थ विचारा.

बोलता बोलता डोळे भरले तर घाई करू नका. टाळ्या वाजवू नका. विषयही लगेच बदलू नका. पाणी द्या, थांबा, 'इथे थांबू या का?' असं विचारा आणि ते म्हणतील तसं करा. मुलांना आधीच सांगून ठेवलेलं असलं की ती शांत बसतात. पेन्शनबद्दल, कार्यालयांत मारलेल्या खेपांबद्दल कुणी बोललं तर तेही ऐका. युद्धानंतर सैनिकाचं काय होतं हाही इतिहासच आहे.

त्यांनी एखादी तारीख किंवा नाव चुकीचं सांगितलं तर वर्गात दुरुस्त करू नका. टिपून ठेवा.

शाल-श्रीफळ शेवटी, पाच मिनिटांत. दिलं नाही तरी चालतं. एखाद्या मुलाने काढलेला नकाशा सही करून दिला तर तो जास्त जपला जातो.

वीरपत्नी किंवा वीरमाता यांना बोलवायचं असेल तर वरची प्रत्येक काळजी दुप्पट घ्या. त्यांना त्या शेवटच्या दिवसाबद्दल विचारू नका. माणूस कसा होता, पत्रात काय लिहायचा, नंतर घर कसं उभं केलं, याबद्दल बोलू द्या. नुकतंच गेलेलं माणूस असेल तर बोलवूच नका.

रेकॉर्डिंग

परवानगी लेखी घ्या, दोन ओळींची पुरते. व्हिडिओपेक्षा आवाज बरा, कॅमेऱ्यापुढे माणूस पुन्हा भाषणाकडे वळतो. मोबाइल विमान मोडवर टाकून त्यांच्या जवळ टेबलावर ठेवा. फाइलला नाव, गाव, तारीख, विषय द्या आणि दोन ठिकाणी साठवा. एक प्रत घरच्यांना द्या. मुलांनी तुकडे काढून व्हॉट्सॲपवर फिरवायचे नाहीत, हे त्यांना आणि पालकांना आधीच कळवा.

नंतरचा तास

हा तास बुडवला तर आधीची सगळी मेहनत कार्यक्रमापुरती उरते. ऐकलेलं आता ताडून पाहायचं.

एक उदाहरण घेते. ११ डिसेंबर १९७१ला पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ २ पॅरा ही छत्रीधारी पलटण विमानांतून पॅराशूटने उतरली. ती मुळातली मराठा पलटण. सातशेच्या आसपास जवान होते आणि उत्तरेकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी सैन्याची वाट पुंगली पुलाजवळ अडवायची हे काम होतं. ते सैन्य माघार घेत होतं ते जमालपूर-मैमनसिंग भागातून, आणि जमालपूरला १० डिसेंबरच्या रात्री वेढा फोडून निघू पाहणाऱ्यांशी लढणाऱ्यांत १ मराठा, म्हणजे जंगी पलटण, होती. एकाच माघारीच्या दोन टोकांना दोन मराठा पलटणी. जमालपूरला खंदकात बसलेल्या जवानाला टांगाईलचं काहीच माहीत नव्हतं, आणि टांगाईलला उतरलेल्याला जमालपूरची रात्र माहीत नव्हती. दोघांचंही सांगणं खरं आणि दोघांचंही अपुरं. पुस्तकात या दोन्हींबद्दल बहुधा ओळही नसते. दोघांचं सांगणं आणि पुस्तक, ही तीन साधनं नकाशावर शेजारी शेजारी ठेवली की इतिहास कसा लिहिला जातो ते मुलांना दिसतं.

तुमच्याकडे आलेल्या पाहुण्यांच्या बाबतीतही असंच करा. त्यांनी सांगितलेलं गाव नकाशावर शोधा. तारीख पुस्तकाशी जुळते का बघा. जुळली नाही तर 'आजोबा चुकले' एवढ्यावर थांबू नका: पन्नास वर्षांनी माणसाला तारीख कमी आणि थंडी जास्त का आठवते, यावर बोला. त्यांच्या पलटणीतल्या कुणाला शौर्यपदक मिळालं असेल तर त्याचं मानपत्र संरक्षण मंत्रालयाच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर मिळतं, ते शेजारी ठेवून वाचा.

मग लेखन. प्रत्येकाने एक पान लिहायचं आणि त्यात 'त्यांनी सांगितलं' आणि 'पुस्तकात आहे' हे वेगळं दाखवायचं. निवडक पानं भिंतीवर लावण्याआधी पाहुण्यांना वाचून दाखवा, काही गाळायचं असेल तर गाळा. आभाराची पत्रं मुलांनी हाताने लिहावीत आणि पोस्टाने पाठवावीत.

कुणीच मिळालं नाही तर

गावात फिरा. पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात चावडीच्या, देवळाच्या किंवा जुन्या शाळेच्या भिंतीत संगमरवरी पाटी सापडते: या गावातून १९१४ ते १९१९च्या महायुद्धावर इतके जण गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. नावं बहुधा नसतात, फक्त आकडे. रायगड जिल्ह्यातल्या माणगावला दुसऱ्या महायुद्धातले सैनिक यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे. १० जुलै १९४४ला इटलीत लढताना ते पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. पुण्याजवळच्या शाळांना खडकीची युद्ध स्मशानभूमी सहलीत पाहता येते, नगरच्या शाळांना रणगाड्यांचं संग्रहालय.

पाटीवरचा आकडा मिळाला की त्यावर काम सुरू करता येतं. राष्ट्रकुल युद्ध समाधी आयोगाच्या संकेतस्थळावर दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांच्या नोंदी शोधता येतात. आडनाव टाकताना इंग्रजी स्पेलिंग चार-पाच तऱ्हांनी करून पाहा, कारण त्या काळच्या कारकुनांनी ऐकू आलं तसं लिहिलं आहे. नोंदीत पलटण, तारीख, स्मारकाचं ठिकाण मिळतं, आणि काही ठिकाणी वडिलांचं किंवा बायकोचं नाव आणि गावही. ती नोंद घेऊन मुलांना त्या भावकीतल्या सर्वांत वयस्कर माणसाकडे पाठवा, वही-पेन्सिल देऊन.